गरोदरपणातील इस्ट्रोजेन : कागदावरचा आकडा आणि पोटातले बाळ

होळीच्या आदल्या आठवड्यात आम्ही वांगणीला गेलो होतो. कर्जत लोकलच्या मार्गावरची वांगणी नव्हे, पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातली वांगणी. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जगायला गेलेली माणसे होळीला पाड्यावर परततात. त्यामुळे गरोदर बायांची गाठ घ्यायची तर हेच दिवस बरे.

एका घराच्या ओट्यावर सातव्या महिन्यातली एक बाई बसली होती. वय विशीच्या आतबाहेर. पदराच्या गाठीतून घडी घातलेला कागद काढून तिने आमच्या हातात दिला. "सिस्टर, यात काय वाईट लिहिलंय ते सांगा."

भिवंडीकडच्या भट्टीवर असताना तिला चक्कर आली होती. जवळच्या एका खासगी दवाखान्यातून तिला रक्त तपासायला पाठवले गेले. कागदावर 'इस्ट्राडायोल' असे नाव होते आणि पुढे जाड अक्षरांत अकरा हजारांच्या वरचा आकडा. शेजारी छापलेली नेहमीची मर्यादा मात्र चारशेच्या आत. "खूपच जास्त आहे," एवढेच तिला सांगितले गेले. तपासणीचे पैसे नवऱ्याने सेठकडून वाढीव उचल घेऊन भरले होते, म्हणजे पुढची मजुरी आधीच गेली. सासूने धसका घेतला होता, की पोटातल्या जिवाला काहीतरी झाले.

तो आकडा वाईट नव्हताच. सातव्या महिन्यातल्या गरोदर बाईचा असायचा तसाच होता. शेजारी छापलेली मर्यादा गरोदर नसलेल्या बाईची होती. पण त्याच ओट्यावर आम्ही तिचे हिमोग्लोबिन पाहिले, ते ७.८ भरले. टेपने पोटाची उंची मोजली, ती महिन्यांच्या हिशेबाने चार सेंटिमीटर कमी निघाली. काळजी करण्यासारखे जे होते ते त्या महागड्या कागदावर आलेच नव्हते.

इस्ट्रोजेन म्हणजे काय, ते कधी आणि का मोजतात, आणि आपल्या बायाबहिणींनी कोणत्या तपासण्यांचा आग्रह धरावा, हे म्हणूनच या वेळी आरोग्याच्या पानावर सविस्तर मांडत आहोत.

आई, वार आणि बाळ

इस्ट्रोजेन हे एक संप्रेरक, म्हणजे हार्मोन. त्याचे मुख्य तीन प्रकार : इस्ट्रोन, इस्ट्राडायोल आणि इस्ट्रिऑल. एरवी बाईच्या शरीरात ते प्रामुख्याने बीजकोशात तयार होते. पाळीचे चक्र, हाडांची बळकटी, स्तनांची वाढ ही त्याची कामे.

दिवस राहिले की पहिले काही आठवडे बीजकोशच हे काम सांभाळतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ते वारेकडे जाते. बाळंतपणानंतर वार पूर्ण पडली का, हे पाड्यावरची सुईणबाई नीट उलटून पाहते आणि मग ती पुरते. अर्ध्या किलोच्या आसपास वजनाची ही वार नऊ महिने बाळाचे फुप्फुस, आतडे आणि मूत्रपिंड यांचे काम करते, शिवाय हार्मोनचा कारखानाही चालवते.

पण इस्ट्रोजेन बनवायला लागणारा कच्चा माल वारेला स्वतः तयार करता येत नाही. तो आईच्या आणि बाळाच्या मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथींतून येतो. इस्ट्रिऑलच्या बाबतीत तर सुमारे नव्वद टक्के कच्चा माल बाळाकडून मिळतो. बाळाच्या ग्रंथी तो तयार करतात, बाळाचे यकृत त्यात एक बदल करते, मग वार त्याचे इस्ट्रिऑल बनवून आईच्या रक्तात सोडते. म्हणजे आईच्या रक्तातले इस्ट्रिऑल ही बाळ आणि वार यांच्या जोडकामाची खूण आहे. ते मोजावे असे डॉक्टरांना वाटू लागले ते यामुळेच.

आकडे किती वाढतात?

गरोदर नसताना रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये इस्ट्राडायोल साधारण ३० ते ४०० पिकोग्रॅम असते. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. पाळीच्या दिवसाप्रमाणे हा आकडा खालीवर होतो. गरोदरपणात तो चढतच जातो आणि दिवस भरत येतात तेव्हा सहा हजारांपासून वीस-तीस हजारांपर्यंत कुठेही असू शकतो. इस्ट्रिऑल तर एरवी जेमतेम सापडते. शेवटच्या महिन्यात ते जवळपास हजारपट झालेले असते.

हा 'सहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत' लक्षात ठेवा. दोन शेजारणी, दोघी आठव्या महिन्यातल्या, दोघींची बाळे ठणठणीत. तरी एकीचा आकडा दुसरीच्या तिप्पट असू शकतो. त्यामुळे एकदाच काढलेल्या इस्ट्राडायोलच्या आकड्यावरून बाळ बरे आहे की नाही, हे सांगता येत नाही. गरोदर बाईच्या अहवालाशेजारी गरोदर नसलेल्या बाईची मर्यादा छापली असेल, तर तो कागद घाबरवण्यापलीकडे काहीच करत नाही.

वाढलेले इस्ट्रोजेन कामे मात्र भरपूर करते. गर्भाशयाच्या स्नायूंची वाढ होते. तिकडे जाणारा रक्तप्रवाह वाढतो, दिवस भरताना तो मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक होतो. स्तन दुधासाठी तयार होतात. कळांना प्रतिसाद द्यायला गर्भाशय सज्ज होते. चेहऱ्यावर वांग येतात, हिरड्या सुजतात, त्यातही याचा हात असतो. रक्त गोठण्याचा गुणही वाढतो. म्हणून एकच पाय सुजला, लाल झाला, पोटरी दुखू लागली, तर 'गरोदरपणात पाय सुजतातच' म्हणून बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

बाळंतपणात वार बाहेर पडली की काही दिवसांत हे सारे आकडे कोसळतात. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनने रोखून धरलेले दूध मग दोन-चार दिवसांत भरून येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळंतीण कारण नसताना रडते, तेव्हा 'नाटके करते' असे म्हणू नका. शरीरातली एवढी मोठी उलथापालथ हे त्याचे एक कारण आहे. रडणे, झोप न लागणे, बाळाकडे न पाहणे दोन आठवड्यांहून जास्त टिकले, तर मात्र डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

चोवीस तासांची लघवी

इस्ट्रिऑल मोजण्याचा इतिहास बोलका आहे. १९६० आणि १९७० च्या दशकांत मोठ्या रुग्णालयांत जोखमीच्या गरोदर बाईची चोवीस तासांची लघवी बाटलीत जमवत. त्यात इस्ट्रिऑल किती उतरले ते पाहून बाळ पोटात सुकते आहे का, याचा अंदाज घेत. आकडा घसरला की लवकर बाळंतपण करण्याचा विचार होई.

कल्पना चांगली होती, पण व्यवहारात अडचणी निघाल्या. एक वेळची लघवी बाटलीत जायची राहिली की हिशेब चुकला. एकाच बाईचा आकडा एका दिवसाहून दुसऱ्या दिवशी बराच वेगळा येई. आईची मूत्रपिंडे कमजोर असली तरी आकडा घसरे. काही प्रतिजैविके किंवा स्टिरॉइडची इंजेक्शने दिली तरी घसरे, आणि बाळ मात्र व्यवस्थित असे. एका जन्मजात दोषात वारेमध्ये एक विकर (एन्झाइम) नसते. तिथे इस्ट्रिऑल अगदी कमी येते. अशी बाळे बहुतेक मुलगे असतात, त्यांची त्वचा पुढे कोरडी, खवलेदार होते, पण ती जगतात-वाढतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ही तपासणी केल्याने जास्त बाळे वाचतात असे अभ्यासांत दिसले नाही. म्हणून ती मागे पडली. तिची जागा बाळाच्या ठोक्यांच्या आलेखाने, सोनोग्राफीने आणि नाळेतला रक्तप्रवाह पाहणाऱ्या डॉप्लर तपासणीने घेतली.

आज इस्ट्रोजेन कुठे मोजतात?

आज ते दोन ठिकाणी कामाला येते. एक, वंध्यत्वाच्या उपचारात. टेस्ट ट्यूब बेबीसाठी इंजेक्शने देताना बीजकोशाचा प्रतिसाद पाहायला इस्ट्राडायोल मोजतात. दोन, 'क्वाड्रुपल मार्कर' नावाच्या रक्ततपासणीत. ही साधारण १५ ते २० आठवड्यांदरम्यान करतात. तिच्यात चार घटक पाहतात आणि इस्ट्रिऑल त्यांतले एक. चौघांचा मेळ, आईचे वय, वजन आणि गरोदरपणाचे नेमके आठवडे धरून बाळाला डाउन सिंड्रोमसारखा दोष असण्याची शक्यता किती, याचा हिशेब मांडतात.

ही चाळणी आहे, निदान नव्हे. 'पॉझिटिव्ह' आले म्हणजे बाळात दोष आहेच असे नाही. पुढची तपासणी आणि डॉक्टरांशी नीट बोलणे गरजेचे असते. पाळीची तारीख चुकीची सांगितली तरी हा हिशेब चुकतो. आणि यातल्या कुठल्याही तपासणीच्या आडून मुलगा की मुलगी विचारणे हा गुन्हा आहे. गर्भलिंग निदानविरोधी कायदा १९९४ पासून आहे.

घरी दोन थेंब लघवीवर करतात ती गरोदरपणाची तपासणी इस्ट्रोजेनची नसते. ती एचसीजी या वेगळ्या हार्मोनची असते. आशाताईंकडे 'निश्चय' किट असते, त्यात हेच पाहतात.

औषध म्हणून इस्ट्रोजेन : एक कडू धडा

गरोदरपणात आकडा मोजणे निदान शरीराला अपाय करत नाही. पण गरोदर बाईला इस्ट्रोजेन औषध म्हणून देण्याची किंमत जगाने मोजली आहे. डीईएस हे कृत्रिम इस्ट्रोजेन १९३८ मध्ये तयार झाले आणि गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत लाखो गरोदर बायांना दिले गेले. १९५३ मध्येच एका मोठ्या अभ्यासात दिसले की त्याचा उपयोग होत नाही, तरी ते चालू राहिले. १९७१ मध्ये कळले की त्या आयांच्या मुलींना ऐन तारुण्यात योनीमार्गाचा दुर्मीळ कर्करोग होतो आहे. तेव्हा कुठे अमेरिकन सरकारने ते गरोदरपणात देऊ नये असे बजावले.

आपल्याकडेही असेच घडले. जास्त मात्रेतली इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनची औषधे, ज्यांना 'ईपी' म्हणत, दिवस राहिलेत का हे पाहायला सर्रास दिली जात. अनेक बाया ती पाळी आणायला, गर्भ पाडायला म्हणून घेत. गर्भ पडत नसे, आणि बाळात व्यंग येण्याची भीती डोक्यावर राही. सरकारने १९८२ मध्ये बंदीचा आदेश काढला. उत्पादक कंपन्या न्यायालयात गेल्या आणि स्थगिती मिळवली. महिला संघटनांनी आणि आरोग्य चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा १९८८ मध्ये बंदी अमलात आली.

आजही पाळी चुकली की दुकानातून 'पाळीची गोळी' आणून घेणाऱ्या बाया आम्हाला भेटतात. असे करू नका. आधी लघवीची तपासणी करा. गर्भ नको असेल तर सरकारी रुग्णालयात कायदेशीर आणि सुरक्षित गर्भपाताची सोय आहे.

बाळंतपणानंतरही एक गोष्ट लक्षात असू द्या. माला-एनसारख्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असते, म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने त्या घेऊ नयेत. तांबी, 'छाया' गोळी, 'अंतरा' इंजेक्शन यांत इस्ट्रोजेन नाही. कोणते साधन कधी सुरू करायचे ते नर्सताईंना विचारा.

वांगणीला कोणता आकडा हवा?

वांगणीचे नाव महाराष्ट्राला माहीत झाले ते दुःखाने. १९९२-९३ साली वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक आदिवासी बालके कुपोषणाने आणि आजाराने दगावली. विधानसभा हादरली, मंत्री पाड्यापर्यंत आले. त्यानंतर १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली. २०१५ पासून आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीतून एक वेळचे गरम जेवण देणारी अमृत आहार योजना आली.

तेव्हा दगावलेली बाळे लोकांना जन्मल्यानंतरची दिसली. पण बाळाची उपासमार पोटातच सुरू होऊ शकते. आई अशक्त, रक्त कमी, डोक्यावर विटांचा भार, मग वारही पुरती वाढत नाही. अडीच किलोंच्या आत जन्मलेले मूल पहिल्या आजारालाच झुकते. इस्ट्रिऑलवाल्यांना जो प्रश्न पडला होता, पोटात बाळ वाढते आहे का, तोच प्रश्न वांगणीचा आहे. आणि त्याचे उत्तर शोधायला लागणारी साधने उपकेंद्रात असतात, तीही मोफत.

पोटाची उंची : लघवीला जाऊन आल्यावर टेपने मोजतात. सहावा महिना झाला की जेवढे आठवडे, साधारण तेवढे सेंटिमीटर. दोन-तीनचा फरक चालतो. फार कमी असेल तर बाळाची वाढ खुंटलेली असू शकते, फार जास्त असेल तर जुळे किंवा पाणी जास्त असू शकते. दोन्ही वेळा सोनोग्राफी हवी.

वजन : नऊ महिन्यांत साधारण ९ ते ११ किलो वाढावे. तिसऱ्या महिन्यानंतर महिन्याला दीड-दोन किलो. दोन महिने काटा हललाच नाही तर थांबून चालणार नाही.

रक्तदाब आणि लघवीतली प्रथिने : रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला, लघवीत प्रथिने आली, डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, चेहरा सुजतो, तर ही वारेच्या बिघाडातून येणारी गंभीर अवस्था असू शकते. तिला झटकेही येऊ शकतात.

हिमोग्लोबिन : ११ च्या खाली रक्तक्षय, ७ च्या खाली तीव्र रक्तक्षय. चौथ्या महिन्यापासून लोहाची एक गोळी रोज, निदान १८० दिवस. चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर ती घेऊ नये. जेवणानंतर तासाभराने घेतली तर मळमळ कमी होते. आदिवासी भागात सिकलसेलची तपासणीही करून घ्यावी.

बाळाची हालचाल : यासाठी तर काहीच लागत नाही. सातव्या महिन्यापासून आईने रोज लक्ष द्यावे. हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर उद्यावर ढकलू नये.

किमान चार वेळा तपासणी व्हावी : पहिली १२ आठवड्यांच्या आत, शेवटची नववा महिना लागल्यावर. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर गरोदर मातांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते.

भट्टीवरची आई

एवढे सगळे मोफत असताना त्या बाईची रक्ततपासणी उचल घेऊन का झाली? कारण ती दिवाळीनंतर वांगणीत नव्हती. इथल्या यादीत तिचे नाव होते, पण ती इथे नव्हती. भट्टीवर ती होती, पण तिथल्या यादीत नाव नव्हते. तिचे माता-बाल संरक्षण कार्ड पाड्यावरच्या पत्र्याच्या पेटीत राहिले होते. चौथ्या महिन्यापासून सातव्या महिन्यापर्यंत, बाळाच्या वाढीच्या ऐन काळात, तिला कोणी तपासले नाही. पैसे देऊन जे तपासले ते गरजेचे नव्हते.

पाड्यावर असतानाही वाट सोपी नसते. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यात सातव्या महिन्यातच घरी बाळंत झालेल्या एका आईची जुळी बाळे गेली. रस्ता नसल्याने तिला स्वतःला डोलीतून न्यावे लागले. आकडा वेळेवर कळून उपयोग तेव्हाच, जेव्हा त्यापुढे रस्ता आणि गाडी असते.

म्हणून आमचे सांगणे दोघांना आहे. जगायला बाहेर जाणाऱ्या कुटुंबांना : भांडीकुंडी बांधताना कार्डही बांधा. ते कार्ड कुठल्याही सरकारी केंद्रात दाखवता येते. आणि कल्याण, भिवंडी, वसईकडे राहणाऱ्या आमच्या वाचकांना : तुमच्या घरापासून थोड्या अंतरावर भट्टी असेल. महिला मंडळातल्या दोघी-तिघींनी सुटीच्या दिवशी तिथे जा. गरोदर किती आहेत ते विचारा, तिथल्या आशाताईंना कळवा, ९ तारखेला एखादीला सोबत करा. कोणी न समजणारा अहवाल दाखवला तर तिला घाबरवू नका. डॉक्टरांना विचारा : या अहवालाने उपचारात काय बदलणार आहे?

त्या बाईला आम्ही जव्हारच्या सरकारी रुग्णालयात नेले. सोनोग्राफी झाली, बाळ लहान होते पण ठोके चांगले होते. लोहाची इंजेक्शने शिरेतून दिली गेली. ती पुन्हा भट्टीवर गेली नाही, आणि हे तिच्या घराला सोपे नव्हते, कारण उचल फिटायची होती. अंगणवाडीचे जेवण, भाकरीसोबत उडदाचे वरण आणि अंडे, दुपारची झोप, एवढेच आम्ही मागितले. दर पंधरा दिवसांनी टेप लावला की सासूच विचारायची, "किती वाढला?"

दिवस भरून मुलगी झाली, दोन किलो तीनशे ग्रॅमची. अडीचला दोनशे कमीच. आईच्या छातीशी उघडी धरून, वर कापड गुंडाळून तिला ऊब दिली, तासा-दोन तासांनी पाजले. सव्वा महिन्याने वजन केले तेव्हा काटा तीन किलोंच्या पुढे गेला होता. अकरा हजारांचा तो कागद सासूने अजून जपून ठेवला आहे. आता तो कार्डाच्या आत घडी करून ठेवलेला असतो, आणि कोणी आले की दाखवताना ती आधी कार्ड उघडते.